मुलाचा सोबती कोण? देवदत्त की जीवक?

नवदीक्षित बौद्ध बंधू-भगिनींनो,

धम्मदीक्षा घेतली, घरातले देव्हारे गेले, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली, त्रिशरण-पंचशील मुलांच्या तोंडी बसले. हे सर्व उत्तम झाले. परंतु आज तुम्हांला एक साधा प्रश्न विचारावयाचा आहे. दिवेलागणीनंतर तुमचा १५ वर्षांचा मुलगा कोठे असतो आणि कोणाबरोबर असतो?

"असेल इथंच चौकात," असे पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ आई-बाप देतात. दुसऱ्या प्रश्नाला मात्र गप्प होतात. मुलाच्या चपलेचे माप आपल्याला ठाऊक असते, परीक्षेतले गुण ठाऊक असतात. पण त्याच्या तीन जिवलग सोबत्यांची नावे ठाऊक नसतात. मग एके दिवशी शाळेतून चिठ्ठी येते, नाहीतर पोलीस चौकीतून निरोप येतो, आणि ती नावे आपण पहिल्यांदा ऐकतो. तेव्हा आपण कपाळावर हात मारून म्हणतो, "आमचा पोरगा असा नव्हता हो, संगतीनं बिघडला."

हे खरे आहे काय? काही अंशी खरे आहे. परंतु जे अर्धे खरे आहे, त्याच्या आड बाकीचे अर्धे लपून राहते. म्हणून या विषयाचा आपण धम्माच्या उजेडात नीट विचार करू.

धम्मात मैत्रीचे स्थान

मित्र कोण असावा ही किरकोळ बाब आहे, असे आपण समजतो. भगवान बुद्धांनी तसे कधीच मानले नाही. चांगल्या मित्रांची संगत म्हणजे निम्मे धम्मजीवन होय, असे एकदा आनंद म्हणाला. तथागतांनी त्याला तेथेच थांबविले आणि सांगितले की, निम्मे नव्हे, ते संपूर्ण धम्मजीवन आहे. मंगलसुत्तात मंगल गोष्टी मोजताना मूर्खाची संगत न करणे हे अगदी आरंभी येते. दान, शील, आई-बापांची सेवा ही त्यानंतर येतात. पायाच ढासळला तर भिंती कशावर उभ्या राहणार?

राजगृहाच्या सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला तथागतांनी केलेला उपदेश तर गृहस्थांची आचारसंहिताच आहे. तो तरुण सकाळी ओलेत्याने सहा दिशांना हात जोडत होता. का, तर मरताना बापाने सांगितले म्हणून. तथागतांनी त्याला खऱ्या सहा दिशा समजावून दिल्या. आई-वडील पूर्व दिशा, गुरू दक्षिण दिशा, पत्नी व मुले पश्चिम दिशा. आणि मित्र ही उत्तर दिशा. त्याच उपदेशात मित्राच्या वेषात येणाऱ्या चार शत्रूंची ओळख त्यांनी करून दिली. नुसता घेणारा, नुसता बोलणारा, तोंडावर गोड बोलणारा, आणि चौथा म्हणजे नाश करणाऱ्या गोष्टींत साथ देणारा. हा चौथा दारूला सोबत करतो, अवेळी रस्त्यावर भटकण्यास सोबत करतो, तमाशाला आणि जुगाराला सोबत करतो. अडीच हजार वर्षे होऊन गेली. पण पानटपरीच्या मागे उभ्या असलेल्या टोळक्याचे याहून नेमके वर्णन कोणी केले आहे काय?

राजगृहाचा राजपुत्र

आता एका तरुणाची हकीकत ऐका. तो गरिबाघरचा नव्हता, अडाणी नव्हता. तो मगध देशाचा राजपुत्र अजातशत्रू होता. त्याचा पिता बिंबिसार हा तथागतांचा उपासक. घरात धम्म होता, प्रेम होते, संपत्ती होती. तरीही हा मुलगा बापाचा खुनी झाला. कसा झाला?

त्याला देवदत्त भेटला. देवदत्ताने प्रथम त्याचे मन जिंकले. राजपुत्र त्याच्यासाठी रोज अन्नाची पाचशे भांडी पाठवू लागला. पहा, घेणारा मित्र! मग त्याने राजपुत्राच्या कानात सांगितले की, आयुष्याचा भरवसा नाही, तू राजपुत्र म्हणूनच मरशील. तेव्हा तू बापाला मारून राजा हो, मी बुद्धाला मारून बुद्ध होतो. तू तुझे काम कर, मी माझे करतो. टोळीची भाषा ही अशी असते. वाईट काम एकट्याला जड वाटते. दोघांनी वाटून घेतले की ते हलके वाटू लागते.

राजपुत्राने मांडीला खंजीर बांधला आणि भर दिवसा अंतःपुरात शिरला. परंतु तो भ्यालेला होता, बावरलेला होता, असे विनयपिटकात नमूद आहे. आई-बापांनो, हे वाक्य ध्यानात ठेवा. त्याचे अंतःकरण अजून मेलेले नव्हते. पहारेकऱ्यांनी त्याला पकडले. कोणाच्या चिथावणीने हे केलेस असे विचारताच त्याने देवदत्ताचे नाव सांगितले. राजासमोर उभे केले तेव्हा बिंबिसाराने काय केले? मुलाला राज्य हवे ना, मग घे राज्य, असे म्हणून त्याने राज्यच त्याच्या हवाली केले.

केवढे हे बापाचे मन! पण एक गोष्ट राहून गेली. राज्य मिळाले, तरी संगत तीच राहिली. देवदत्त जेथल्या तेथेच होता. अट्ठकथेत पुढचे सांगितले आहे. त्याच देवदत्ताच्या सांगण्यावरून मुलाने बापाला कोंडून उपाशी मारले. ज्या दिवशी बाप मेला, त्याच दिवशी अजातशत्रूला पहिला मुलगा झाला. आपल्या बाळाच्या मायेने त्याचे हृदय भरून आले, आपल्या बापालाही असेच वाटले असेल हे त्याला उमगले, आणि बापाला सोडा म्हणून त्याने आज्ञा केली. तोवर उशीर झाला होता.

मुलाने मागितले ते द्यायचे, मोटारसायकल द्यायची, मोबाईल द्यायचा, वर पैसे द्यायचे, आणि सोबती कोण आहेत हे मात्र पाहावयाचे नाही. हीच चूक आज गरीब आणि नोकरदार दोन्ही घरांत होत आहे.

दुसरा मित्र

याच अजातशत्रूला पुढे दुसरा मित्र मिळाला. तो म्हणजे वैद्य जीवक. जन्मताच कचऱ्याच्या ढिगावर टाकून दिलेले हे मूल! अभय राजकुमाराने त्याला वाढविले आणि तक्षशिलेला सात वर्षे शिकून तो नामांकित वैद्य झाला. कुळावरून मित्राची पारख करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री राजाला चैन पडेना. मंत्री एकेका आचार्याचे नाव घेत होते. जीवक गप्प होता. राजाने विचारले तेव्हाच तो बोलला आणि राजाला आपल्या आमराईत तथागतांकडे घेऊन गेला. वाटेत राजा दचकला. साडेबाराशे भिक्खू असून एवढी शांतता कशी? जीवका, तू मला शत्रूच्या हाती तर देत नाहीस ना? कुसंगतीत राहिलेल्या माणसाला चांगल्या मित्राचाही असाच संशय येतो. जीवक रागावला नाही. भिऊ नका, पुढे चला, तेथे दिवे जळत आहेत, एवढेच त्याने सांगितले.

राजाने तेथे आपला अपराध कबूल केला व तो तथागतांना शरण गेला. तो निघून गेल्यावर तथागत भिक्खूंना म्हणाले की, याने बापाला मारले नसते तर आज याच आसनावर याचे धम्मचक्षू उघडले असते.

बंधूंनो, या हकीकतीचे मर्म येथे आहे. तोच मुलगा, तेच मन. देवदत्ताबरोबर गेला तेव्हा खंजीर बांधून गेला. जीवकाबरोबर गेला तेव्हा हात जोडून उभा राहिला. पण जीवक उशिरा आला. आपल्या मुलाच्या आयुष्यात जीवक कधी येणार, खंजिराच्या आधी की नंतर? हे ठरविणे पुष्कळसे आपल्या हाती आहे.

ढवळ्या आणि पवळ्या

"ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला," असे आपण म्हणतो. परंतु बैलांना मालक बांधतो. मुलगा मात्र आपण होऊन बांधून घेतो. का बांधून घेतो? हा प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर सापडावयाचे नाही.

या विषयाचा देशोदेशीच्या विद्वानांनी अभ्यास केला आहे. त्यांना आढळले की दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सारखी मुले एकमेकांना शोधून काढतात, आणि एकत्र आल्यावर अधिकच सारखी होतात. लहानपणी सवंगड्यांनी झिडकारलेली मुले पुढे झिडकारलेल्यांचाच गट करतात. आता आपल्या वस्तीकडे पहा. आडनाव कळताच शेजारी बसणारी मुले दूर सरकतात, गुरुजींची नजर ज्याच्यावर कधी ठरत नाही, जो चुकला तर "यांच्यात असेच" असे ऐकतो, असा मुलगा घरी येतो. घरी बाप थकून आलेला, आई चार घरची धुणीभांडी करून आलेली. त्याच्याशी कोण बोलणार? चौकातला एखादा दादा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "ये भावा, बस." त्या एका शब्दासाठी तो मुलगा गेला! त्याला दारू नको होती, चोरी नको होती. त्याला मान हवा होता. शाळेने दिला नाही, घराला सवड झाली नाही; चौकाने तो उधार दिला आणि मग व्याजासकट वसूल केला.

एकदा गटात बसल्यावर काय होते? अमेरिकेत थॉमस डिशन या संशोधकाने मित्रांच्या जोड्यांना गप्पा मारावयास बसवून त्या चित्रित केल्या. नियम मोडण्याच्या गोष्टीला जेथे मित्राकडून हसून दाद मिळत होती, तेथे पुढे गैरवर्तन वाढलेले दिसले. कोणी धमकी दिली नव्हती, हसणे पुरेसे झाले. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली ३०६ जणांचा प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी हाकण्याच्या खेळात १३ ते १६ वयाची मुले सोबती पाहत असताना एकट्यापेक्षा कितीतरी अधिक धोका पत्करीत. २४ च्या वरच्या माणसांत तसा फरक पडला नाही. म्हणजे एकटा असता समजूतदार असलेला मुलगा चौघांत वेडेपणा करतो, तो ढोंगी असतो म्हणून नव्हे. ते वयच तसे आहे. दिलासा देणारी गोष्टही येथे सांगितली पाहिजे. टेरी मॉफिट या विदुषींनी १९९३ साली दाखवून दिले की, या वयात आडवाटेला गेलेली बहुतेक मुले पुढे मोठेपणी ती वाट सोडतात. तेव्हा एका चुकीवरून मुलाला "वाया गेला" असा शिक्का मारू नका. शिक्का पुसत नाही. आपल्या समाजाला हे दुसऱ्याने सांगावयास नको.

बाबासाहेबांनी दाखविलेली वाट

यावर उपाय काय? मारणे हा उपाय नव्हे. मार खाल्लेला मुलगा रात्री जेथे त्याला कुरवाळतात तेथेच जातो.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेने १९२५ साली सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, हे आपल्याला ठाऊक असते. परंतु तिने मुंबईत मोफत वाचनालय चालविले आणि महार हॉकी क्लबही चालविला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तरुणांचे मन जुगार आणि दारूकडून वळावे हा त्यामागील हेतू होता. पहा, बाबासाहेब नुसते "जुगार खेळू नका" म्हणून थांबले नाहीत. जुगाराच्या अड्ड्यावरून उठलेला मुलगा जाणार कोठे, याचा विचार त्यांच्या सभेने केला. त्याच्या हातातले पत्ते काढून घेतले आणि त्या हातात हॉकीची काठी व पुस्तक दिले. रिकामा हात फार वेळ रिकामा राहत नाही!

येथे एक सावधगिरी सांगतो. वाट चुकलेल्या मुलांनाच तेवढे गोळा करून त्यांचा वेगळा वर्ग भरवू नका. अमेरिकेत केंब्रिज व सॉमरव्हिल या गावी १९३९ पासून एक मोठा, सद्हेतूचा प्रयोग झाला. २५३ मुलांना मार्गदर्शक दिले, सहली-शिबिरे दिली. तितक्याच दुसऱ्या मुलांना काहीच दिले नाही. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड यांनी त्यांचा शोध घेतला. मदत मिळालेल्यांची स्थिती न मिळालेल्यांहून चांगली तर नव्हतीच, काही बाबतींत वाईट होती. पुढील छाननीत दिसले की, उन्हाळी शिबिरांना पुन्हा पुन्हा पाठविलेल्या मुलांचे अधिक नुकसान झाले होते. म्हणून दहा चांगल्या मुलांत दोन चुकलेली मुले मिसळू द्या. बारा चुकलेली एकत्र बसवू नका.

आपण काय करावे?

आई-बापांचे पहिले कर्तव्य मुलाला पापापासून निवारणे आणि दुसरे त्याला कल्याणाकडे लावणे, असे सिगालाला सांगितले आहे. पहिले आपण ओरडून करतो. दुसरे करावयाचे राहून जाते. म्हणून पुढील गोष्टी आजपासून करा.

मुलाच्या मित्रांना घरी बोलवा. चहा पाजा, नाव विचारा, आई-बापांची चौकशी करा. ज्या घरी मुलगा चहा प्याला, त्या घरच्या मुलाला बिघडविताना त्याचा हात अडखळतो. आणि ज्याला आपण "वाईट संगत" म्हणतो तोही कोणाचा तरी मुलगा आहे, बहुधा आपल्याच वस्तीतला आहे. त्याच्या आईच्या दृष्टीने तुमचा मुलगा हीच वाईट संगत असते! तेव्हा दोन्ही आयांनी भांडू नये, एकत्र बसावे.

चौघे कट्ट्यावर बसले म्हणजे टोळी झाली, असेही समजू नका. वाराणसीच्या श्रेष्ठीचा मुलगा यश हा चैनीत लोळणारा तरुण तथागतांकडे गेला, तेव्हा त्याच्या मागून चार मित्र आले आणि मग आणखी पन्नास आले. मैत्रीचा ओढा दोन्हीकडे वाहतो. टोळक्यातला एक वळला तर पन्नास वळतात.

मुलींच्या बाबतीत तर आपण उलटेच करतो. भीतीपोटी तिच्या मैत्रिणीच तोडतो. जिला मोकळेपणी बोलावयास मैत्रीण नाही, ती मोबाईलवरच्या अनोळखी माणसाजवळ मन मोकळे करते. तिला विहारात, वाचनालयात, मैदानावर मैत्रिणी मिळू द्या.

मुलाशी बोलताना तथागत राहुलाशी कसे बोलले ते आठवा. खोटे बोलण्याविषयी सांगताना त्यांनी भांड्यातले थोडेसे उरलेले पाणी दाखविले, आरसा कशासाठी असतो ते विचारले, आणि काम करण्यापूर्वी, करताना व केल्यावर स्वतःच पाहावे असे शिकविले: यात माझे अहित आहे काय? दुसऱ्याचे आहे काय? हा प्रश्न विचारण्याची सवय मुलाला लागली, तर टोळक्याच्या हसण्यातही तो आतून शाबूत राहील.

विहार केवळ पौर्णिमेला उघडू नका. संध्याकाळी दिवा, चटई, वर्तमानपत्र आणि एक शिकलेला तरुण एवढे तेथे असले तरी पुरे. कॉलेजात गेलेल्या, नोकरीस लागलेल्या तरुणांनो, तुम्ही वस्ती सोडून गेलात तरी आठवड्यातून एक संध्याकाळ परत या. चौकातल्या दादाची जागा रिकामी करावयाची असेल, तर तेथे दुसरा दादा लागतो. आणि जयंतीच्या मिरवणुकीत पिऊन नाचणारा, वर्गणीसाठी दुकानदाराला दम देणारा मोठा माणूस मुलाने पाहिला, तर बावीस प्रतिज्ञांतील दारू न पिण्याची प्रतिज्ञा त्याला कोणत्या तोंडाने शिकविणार? मोठे हेच मुलांचे पहिले सोबती असतात.

आणि घडू नये ते घडलेच, तर लाजेने दार लावून बसू नका. १८ वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. त्याला २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे उभे करावे लागते, असे २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य मिळतो. मात्र १६ ते १८ वयाच्या मुलाच्या हातून अतिगंभीर गुन्हा घडल्यास त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो, हेही मुलांना आधीच सांगून ठेवा. त्या दिवशी मुलाच्या पाठीशी उभे रहा आणि त्याच्या गुन्ह्याच्या मात्र पाठीशी उभे राहू नका.

बंधू-भगिनींनो, आपल्याला शतकानुशतके कोणी जवळ बसू दिले नाही. धम्माने आपल्याला मैत्री दिली. ती मैत्री केवळ वंदनेत उच्चारावयाची नाही. ती आपल्या १५ वर्षांच्या मुलापर्यंत पोहोचली पाहिजे. आज संध्याकाळी मुलगा घरी आला की त्याला दटावू नका. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, "तुझे मित्र कोण रे? उद्या जेवायला घेऊन ये." तो दचकेल, जीवकाच्या मागून जाणारा राजा दचकला होता तसाच. आपण रागावू नये. दिवा लावून वाट पाहावी.

नमो बुद्धाय! जय भीम!